पात्राचे माहेर

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक गडी एक काल्पनिक पात्र होऊन बोलतो आणि वीस बाजूंचा फासा टाकून आपल्या धाडसाचा निकाल घेतो. तत्पूर्वी त्या पात्राचे पूर्ववृत्तही पुष्कळजण लिहून काढतात: आईबाप कोण, घर का सोडले. येथे एक सोय अनेकांना मोहविते. घरची सारी माणसे एखाद्या आगीत वा लढाईत संपवून टाकायची! नायक अनाथ झाला की त्याला कुणाचे देणे उरत नाही. स्वतंत्र होण्यासाठी माणसाला खरोखरच घर पुसावे लागते काय?

आमच्या वऱ्हाडाने एका नायिकेचे माहेर पुसू दिलेले नाही. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. भीष्मक राजाचे कुंडिनपूर ते हेच, अशी लोकांची श्रद्धा; आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. रुक्मिणी येथली लेक. थोरल्या भावाने, रुक्मीने, तिला शिशुपालास देण्याचे ठरविले. तिने कृष्णाला निरोप धाडला व त्याच्या रथातून ती निघून गेली.

येथवर कथा स्वातंत्र्याची आहे, आणि दुबळा कथाकार येथेच थांबला असता. परंतु पाठलागावर आलेला रुक्मी हरला, कृष्णाने तलवार उपसली, तेव्हा तिने पाय धरून भावाचे प्राण मागितले, असे भागवत सांगते. प्राण वाचले, मात्र केस-मिशा वेड्यावाकड्या भादरून त्याची विटंबना झाली. सोयऱ्याची अशी दशा केल्याबद्दल बलरामाने कृष्णालाच बोल लावला. रुक्मी लाजेने कुंडिनपुरास परतला नाही. भोजकट नगर वसवून राहिला.

तिच्या दयेने वैर मिटले नाही. बहिणीच्या प्रेमाखातर रुक्मीने पुढे आपली मुलगी प्रद्युम्नाला व नात अनिरुद्धाला दिली खरी. पण त्या नातीच्याच लग्नात द्यूताचा डाव मांडला गेला. रुक्मीने हरलेला डाव आपलाच म्हटला, यादवांना गुराखी म्हणून हिणविले आणि बलरामाने त्याला ठार केले. मग त्याला वाचवून काय साधले, असे कुणी विचारील. आम्हांला हा हिशेबच मान्य नाही. रुक्मिणीने भावाच्या सुधारण्याची हमी घेतली नव्हती. आपल्या सुटकेची किंमत त्याच्या रक्ताने चुकती होऊ नये, एवढेच तिने पाहिले.

अवघड प्रश्न कृष्णापुढे होता. मेव्हणा मेला, मारणारा सख्खा भाऊ. बरे म्हणावे तर पत्नी दुखावते, वाईट म्हणावे तर भाऊ. तो काहीच बोलला नाही. या मौनाला आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही. पण त्या रात्री रुक्मिणीला ते कसे वाटले असेल, याविषयी भागवतकारही काही लिहीत नाहीत.