आजाराचा देणेकरी कोण?

आजारपणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न बहुधा अर्थशास्त्राच्या आणि प्रशासनाच्या चौकटीत मांडला जातो; परंतु विम्याचे हप्ते, औषधांच्या किमती आणि रुग्णालयाची बिले यांच्या मुळाशी त्याहून जुना असा एक धर्मविषयक प्रश्न आहे. आजार ज्याच्या शरीरात उद्भवतो त्याचा तो एकट्याचा असतो, की तो माणूस ज्यांच्यामध्ये राहतो त्या सर्वांकडे त्याचे काही देणे निघते? जगात आरोग्यावर सर्वाधिक पैसा ओतणाऱ्या अमेरिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर फसले आहे, असे म्हणण्यास भक्कम आधार आहे. सातारा-सांगलीच्या वाचकाने ते दूरदेशीचे म्हणून बाजूला ठेवू नये, कारण अमेरिकेच्या वैद्यकाचे एक वेगळेच रूप या भागाने फार पूर्वी अनुभवले आहे.

मूळचे कॅनडाचे असलेले डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांनी आधी सांगलीत दवाखाना चालवला, आणि पुढे पटवर्धनांच्या मिरज संस्थानात १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तीनच वर्षांनी तेथे वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली, क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम उभारले गेले त्याच्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले, आणि १९६२ मध्ये मिरजेत मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा त्यालाही याच रुग्णालयाची साथ मिळाली. तिकडे वाईत अमेरिकन मराठी मिशनचे विलिस पिअर्स स्मारक रुग्णालय होते. बेळगाव-विजापूरकडचा रुग्ण आजही रेल्वेने मिरजेला उतरतो, त्यामागे ही परंपरा आहे. दूरच्या चर्चमधल्या लोकांनी गोळा केलेल्या पैशातून कृष्णाकाठच्या अनोळखी माणसांच्या डोळ्यांवरचे मोतीबिंदू काढले गेले, ही गोष्ट धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असले तरी मोलाचीच राहते.

त्याच अमेरिकेत स्वदेशीयांच्या उपचारांची व्यवस्था मात्र वेगळ्या पायावर वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कारखानदारांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला, पुढे त्याला करसवलत मिळाली, आणि उपचाराचा अधिकार नोकरीला बांधला गेला, तो बहुतांशी आजतागायत. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या. २०१० च्या कायद्याने उरलेल्यांपैकी अनेकांना विम्याखाली आणले. तरीही २०२३ मध्ये अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते, आणि ज्यांच्याकडे विमा होता त्यांनाही डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने हात सैल करण्यापूर्वी रुग्णाने दरवर्षी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, चुकत नव्हती. त्या वर्षी देशाच्या एकूण उत्पन्नाचा सतरा टक्क्यांहून अधिक भाग, दरडोई सुमारे साडेचौदा हजार डॉलर, आरोग्यावर खर्च झाला. आणि इतके करूनही तेथील सरासरी आयुर्मान इतर श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे. तेथे पैशाची, ज्ञानाची किंवा कुशल हातांची वाण नाही. जे बिघडले आहे ते रुग्ण आणि समाज यांच्यातील नात्याच्या समजुतीत बिघडले आहे.

ही समजूत विमा कंपन्यांच्या एका अटीत स्वच्छ दिसते. पॉलिसी घेण्यापूर्वीच ज्याला मधुमेह, हृदयविकार किंवा कर्करोग आहे, त्याचा तो ‘पूर्वीपासूनचा आजार’ ठरवून त्याला विमा नाकारण्याची किंवा हप्ता भरमसाट वाढवण्याची मुभा २०१४ पर्यंत अमेरिकेत कंपन्यांना होती. तेथील रहिवाशांच्या नेहमीच्या आरोग्यविम्यापुरती ती आता बंद झाली. परंतु सांगलीहून मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांना प्रवासविमा घेताना ती अट अजूनही भेटते. सत्तरीच्या माणसाला रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांचे सहा महिन्यांचे डबे इथूनच बांधून न्यावे लागतात, आणि जो आजार होण्याची सर्वाधिक भीती, नेमका तोच बहुधा विम्याच्या बाहेर राहतो.

या अटीचे मराठी मनाला नवल वाटू नये, कारण तिच्याशी नाते सांगणारा एक विचार आपल्याकडेही खोल रुजलेला आहे. कर्मसिद्धान्तानुसार पूर्वजन्मींच्या कर्मांचा साठा म्हणजे संचित, आणि त्यातील जो अंश या जन्मी भोगावा लागतो ते प्रारब्ध. मूळ सिद्धान्त माणसाला स्वतःच्या कृतीची जबाबदारी शिकवण्यासाठी आहे. परंतु व्यवहारात तो दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाठ फिरवण्यासाठी वापरला जातो, आणि ‘ज्याचे भोग त्याने भोगावेत, ते कोणाला चुकलेत’ असे म्हणून शेजारी मोकळा होतो. विमा कंपनी रुग्णाचा मागचा वैद्यकीय इतिहास काढते, आपण त्याचा मागचा जन्म काढतो. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो, की हे याचे स्वतःचे खाते आहे आणि त्यात इतरांनी भर घालण्याचे कारण नाही.

आयुर्वेदाची परंपरा मात्र या निष्कर्षाच्या बाजूने उभी नाही, आणि ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे संपूर्ण प्रदेश ओस पाडणाऱ्या साथींची चर्चा आहे. तेथे मूलगामी प्रश्न विचारला गेला आहे: ज्यांची प्रकृती, आहार, बळ आणि वय ही सारी निरनिराळी, अशी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात? उत्तर असे, की माणसे वेगळी असली तरी वायू, जल, देश आणि काल ही चार सर्वांची सामाईक असतात, ती दूषित झाली की सर्वांवर संकट येते, आणि त्या दूषणाच्या मुळाशी अधर्म असतो, ज्यात राज्यकर्त्यांचा अधर्मही मोजला आहे. त्याच अध्यायात आयुष्य नियत की अनियत या वादाचाही परामर्श आहे: आयुष्य सर्वस्वी आधीच ठरलेले असते तर औषधोपचाराला काही प्रयोजनच राहिले नसते, आणि दुबळ्या दैवाला प्रयत्नाने हटवता येते, अशी भूमिका तेथे घेतली आहे. हा विचार आजच्या सांगलीला लावून पाहावा. २०१९ च्या महापुरानंतर ज्या घरांत आठवडाभर कृष्णेचे पाणी साचून होते, त्या घरांतल्या तापाचे वा जुलाबाचे कारण त्या त्या माणसाच्या संचितात शोधणे हे चरकाच्याच कसोटीवर टिकत नाही. आणि कारण जर सामाईक असेल, तर खर्च तेवढा एकट्याचा, हे कोणत्या न्यायाने?

वैद्याने उपचार प्राणिमात्रांवरील दयेने करावेत, आणि जे चिकित्सेचा विक्रीचा माल करतात ते सोन्याची रास सोडून धुळीची रास पदरी घेतात, असाही अभिप्राय त्याच संहितेत आहे. याचा अर्थ वैद्याने उपाशी राहावे असा नाही. आक्षेप मोबदल्यावर नसून, रुग्णाच्या अगतिकतेला किंमत लावण्यावर आहे. इन्शुलिनच्या शोधकांनी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. पुढे शंभर वर्षे पुरी होण्याच्या सुमारास अमेरिकेत इन्शुलिनची किंमत परवडेना म्हणून रुग्ण मात्रा कमी करून ते पुरवून वापरू लागले होते. शोध लावणाऱ्यांची भावना आणि विकणाऱ्यांचा व्यवहार यांतील हे अंतर दयेने भरून निघालेले नाही.

दयेची मर्यादा येथेच आहे. गीतेतील सात्त्विक दानाच्या व्याख्येत परतफेडीची अपेक्षा नाही, इस्लाममध्ये जकात हे ऐच्छिक औदार्य नसून कर्तव्य आहे, आणि वॉन्लेस यांच्या धर्मपरंपरेतील भल्या शोमरोनीची कथा तर या प्रश्नाच्या फार जवळ जाते. वाटेत लुटला गेलेला जखमी मनुष्य पाहून शोमरोनी थांबला, त्याने जखमा बांधल्या, एवढेच बहुधा लक्षात राहते. परंतु कथेचा शेवट असा, की त्याने जखमीला उताराच्या जागी नेले, तेथील मालकाला दोन नाणी दिली, आणि याहून अधिक लागले तर परतताना चुकते करीन अशी हमी दिली. म्हणजे बिल किती होईल हे ठाऊक नसताना त्याने ते आपल्या अंगावर घेतले. जखम बांधणे दयाळू माणसाला जमते; न संपणाऱ्या खर्चाची हमी मात्र एकट्या प्रवाशाच्या आवाक्यात फार काळ राहत नाही, कारण रुग्ण असंख्य असतात आणि दात्याचे मन, उत्पन्न व आयुष्य, तिन्हींना अंत असतो. मिशनच्या देणग्यांनी मिरजेला रुग्णालय दिले, पण देणगी ही देणाऱ्याच्या इच्छेवर उभी असल्याने रुग्णाला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. ती हमी समाजाने आणि त्याच्या वतीने शासनाने घ्यावी लागते. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच नोंदवले होते.

महाराष्ट्राने ही हमी काही अंशी घेतली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि आता ती सर्व कुटुंबांना खुली असून वार्षिक मर्यादा पाच लाखांची आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्यात, असे बंधनही राज्यात आहे. या योजनांनी अनेकांचे प्राण वाचवले, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचा सांगाडा विम्याचा आहे: ठरलेल्या आजारांची यादी, प्रत्येकाचे ठरलेले पॅकेज, आणि आधी मंजुरी. जतच्या किंवा माणच्या शेतकऱ्याला छातीत दुखू लागले की शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन नातेवाईक आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात योजनेची कामे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, खिडकीशी उभे राहतात. आजार यादीत बसला तर सुटका, नाही तर सोनेतारण, सोसायटी आणि शेवटी सावकार. ‘उसाचे बिल आले की फेडू’ या बोलीवर घेतलेली उसनवार या दोन जिल्ह्यांत किती घरांत चालू असते, ते कोणत्याही गावात विचारावे. शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. पूर्वी तो याहून पुष्कळ अधिक होता, ही समाधानाची बाब असली तरी उरलेले ओझे हलके नाही.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो: जो स्वतःच्या व्यसनाने आजारी पडला त्याचा भार संयमी माणसाने का उचलावा? मिश्रीचे उदाहरण घेतल्यास आक्षेपाची धार बोथट होते. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी भुकटी बायका हिरड्यांना लावतात; ती सवय मुलीला घरातल्याच वडीलधाऱ्या बाईकडून, दात दुखतो म्हणून किंवा भूक मारण्यासाठी, कळत्या वयाच्या आधीच लागते. पुढे तोंडाचा कर्करोग झाला की त्या बाईला ‘तूच ओढवून घेतलेस’ असे सांगणे सोपे असते. परंतु तंबाखूवर कर घेणारे शासन, तिला दात दाखवायला दवाखाना न देणारे गाव आणि तिच्या उपाशीपोटी मजुरीवर पीक काढणारा मालक यांच्यात ती जबाबदारी वाटली गेलेली असते. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये असे प्रतिपादन केले, की उपचार वाटण्याचा उचित निकष आजारी असणे हाच आहे, आणि पैसा हा निकष मध्ये आणणे विवेकाला धरून नाही. दोषाचा निकषही तितकाच अप्रस्तुत आहे, कारण दोषाची नेमकी वाटणी करण्याइतके ज्ञान ना कर्मसिद्धान्त सांगणाऱ्याकडे असते, ना विम्याची पॉलिसी लिहिणाऱ्याकडे.

म्हणून या दोन जिल्ह्यांत सर्वांत निकडीचे काम मोठ्या शस्त्रक्रियांच्या यादीत भर घालण्याचे नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा यांसारख्या जन्मभराच्या आजारांची रोजची गोळी पॅकेजमध्ये कधीच बसत नाही, कारण तिच्यासाठी कोणी खाटेवर दाखल होत नाही. आणि तीच गोळी महिनाअखेरीस पैसे नसल्याने चुकली, की पुढे पक्षाघाताचे पाच लाखांचे प्रकरण उभे राहते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. आटपाडी, खटाव, जत येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधाच्या खिडकीत ती गोळी बाराही महिने शिल्लक असणे, आणि ‘बाहेरून आणा’ ही चिठ्ठी लिहावी न लागणे, हे त्या निर्णयाचे उरलेले अर्धे काम आहे, आणि ते करण्यासाठी अमेरिकेइतकी संपत्ती लागत नाही.