आरतीआधीचा टाळ

आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबा माउलींची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर येते. पालखी मधोमध आणि भोवती दिंड्यांचं कडं. शेकडो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि बघता बघता सगळा तळ शांत होतो. अशा वेळी कुठल्या तरी कोपऱ्यात एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहतो.

नवख्याला वाटतं, यांचं लक्ष नसावं. पण तो टाळ मुद्दाम वाजत असतो. ज्या दिंडीची काही तक्रार आहे, तिने टाळ थांबवायचा नाही, अशी इथली रीत आहे. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, त्यावर तोड निघते आणि मगच तो टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगितलं जातं. समाजआरती होते ती यानंतर.

या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस. एवढा मोठा जमाव नुसत्या भाबडेपणावर पंढरपूरपर्यंत पोचत नाही, हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. दिंडीला क्रमांक आला. रथापुढची कोण, रथामागची कोण, हे ठरलं. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट माणसं त्या शिस्तीत चालतात.

धर्म समाजाला काय देतो, याचं उत्तर मला त्या वाजत राहणाऱ्या टाळात सापडतं. देवाची आरती खोळंबली तरी चालेल, पण माणसाचं गाऱ्हाणं आधी ऐकायचं, ही सवय कायद्याने लागत नाही. ती रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, वर्षानुवर्षं गिरवावी लागते.

एकेकट्या माणसालाही हा टाळ बरंच शिकवतो. तक्रार आहे म्हणून दिंडी सोडून निघून जायचं नाही, आणि आरडाओरडाही करायचा नाही. टाळ वाजवत उभं राहायचं, कुणी तरी येईल असा भरवसा धरायचा आणि जो निवाडा होईल तो मानून हात जोडायचे. घरी कुणी ‘साहेब’ म्हटलं नाही तर ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो इथे नुसता ‘माउली’ होतो आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या पाया पडतो. पंधरा-वीस दिवस रोज वाकलं की पाठीला त्याची सवय होते. पुढे मन किती वाकतं, ते ज्याचं त्याला माहीत.

पण सगळेच टाळ वेळेवर ऐकले गेले, असं नाही. पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी संत चोखोबांची समाधी आहे. देवळाबाहेर. ज्यांचे अभंग वारकरी प्रेमाने गातात, त्या चोखोबांच्या, अस्पृश्य ठरवलेल्या समाजाला ती पायरी ओलांडता येत नव्हती. शतकानुशतकं तो टाळ वाजत होता आणि आत आरत्या चालू होत्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार सर्वांसाठी उघडलं. उपोषणाला बसणारे गुरुजी स्वतः विठ्ठलाचे भक्तच होते. धर्माने केलेली चूक निस्तरायचं बळ त्यांना त्याच भक्तीतून मिळालं, हे विसरून चालणार नाही.

धर्माची किंमत कळसाच्या उंचीवरून किंवा गर्दीच्या आकड्यावरून ठरत नाही. आरतीआधी तो कुणाचं ऐकून घेतो, यावरून ती ठरते.

आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा काडी ओढण्याआधी क्षणभर थांबा. घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी कुणाचा टाळ अजून वाजतोय का, तेवढं कान देऊन ऐका. ऐकू आला, तर आधी तिकडे जाऊन या. आरती तोवर थांबेल.