समजीवी : जोडीदार शोधणाऱ्या तरुणांसाठी



धम्मबंधूंनो, रविवारच्या वंदनेनंतर चहा घेताना तुमच्यापैकी काही जण विचारतात, "दादा, ॲपवर ओळखी होतात, दोन-चार भेटी होतात, पण पुढे जमत नाही. काय चुकतं?" उत्तर देण्याआधी माझी चूक सांगतो.

2008 साली दोन आठवड्यांची रजा काढून मी नागपूरला मुली पाहायला गेलो. जिच्याशी लग्न ठरलं, ती माझ्यासारखीच इंजिनिअर, चांगली नोकरी करणारी. अमेरिकेत एच-फोर व्हिसावर तिला नोकरी करता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, म्हणजे चौथं शील पाळलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. 2015 साली नियम बदलला आणि पुढे तिला वर्क परमिट मिळालं. मधली वर्षं मात्र मी तिला परत देऊ शकत नाही.

अंगुत्तर निकायातल्या समजीवी सुत्तात नकुलपिता आणि नकुलमाता हे दांपत्य भगवंतांना सांगतं, आम्हाला एकमेकांची सोबत कायम हवी आहे. भगवंत म्हणतात, मग दोघांची श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा समान असू द्या. या यादीत पगार, रंग, ग्रीन कार्ड नाही. आणि यादी दोघांसाठी आहे, फक्त तिला तपासण्यासाठी नाही.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितलं, की पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. अशी मुलगी समोर बसेल तेव्हा आपली तयारी हवी.

म्हणून व्हिसा, कर्ज, आई-वडिलांची जबाबदारी, आधी मोडलेलं नातं, हे सुरुवातीच्या भेटींतच सांगा. तिचे बेत विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. एकाच वेळी दोघींना आशेवर ठेवू नका. नकार आला, तर तो माना. पुन्हा पुन्हा मेसेज करणं ही मैत्री नव्हे, ती तृष्णा आहे.

आज ध्यानाला बसण्यापूर्वी एक करा. तिने जे विचारू नये असं तुम्हाला मनातून वाटतं, ते कागदावर लिहा. पुढच्या भेटीत तेच आधी सांगा.

भवतु सब्ब मंगलं.