जुन्या नंबराची ओळ

कराडला बसस्थानकामागं अण्णांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. हाताखालचा पोरगा पुण्याला नोकरीला गेला, त्याच्या जागी एक मुलगी आली. येणारं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "तो नाही का?" काही अडलं की अण्णाही म्हणायचे, "तो असता तर..."

एका पतसंस्थेचा लॅपटॉप आला. त्यावर डेबियन ७ लिनक्स. वळवाच्या विजेत मदरबोर्ड गेला होता. अण्णांनी त्याच मॉडेलचा जुना बोर्ड मिळवून बसवला. मशीन सुरू झालं, हिशेब शाबूत निघाले, पण वायरचं नेट काही येईना. केबल बदलून झाली, स्विचचं पोर्ट बदलून झालं.

"लॅनची चिप मेलेली आहे. बोर्ड परत पाठवू," अण्णांनी निकाल दिला.

"पेन ड्राईव्हवरून लाईव्ह लिनक्स चालवून बघू का?" मुलीनं विचारलं.

"बघ. पण वेळ घालवू नकोस."

त्याच केबलवर, त्याच बोर्डावर नेट आलं! चिप धडधाकट होती. दुखणं डिस्कवरच्या लिनक्समध्ये होतं.

तिनं डिस्कवरून मशीन चालू करून ‘आयपी लिंक’ची आज्ञा दिली. नेटवर्क कार्डांच्या यादीत ईथ-झीरो हे नाव नव्हतंच. होतं ते ईथ-वन, तेही बंद. मग तिनं ‘७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स’ ही फाईल उघडली. प्रत्येक नेटवर्क कार्डाला बारा अंकाक्षरांचा मॅक नंबर असतो. जुन्या लिनक्समधलं युडेव तो या फाईलमध्ये टिपून ठेवतं आणि त्या नंबराला नाव बांधून देतं. जळालेल्या बोर्डाचा नंबर ईथ-झीरो हे नाव अडवून बसला होता. सोडून गेलेल्या माणसाचं नाव हजेरीपटावर राहावं, तसा. नव्या कार्डाला ईथ-वन मिळालं, आणि नेटवर्कची सगळी मांडणी लिहिलेली ईथ-झीरोच्या नावावर. (२०१३ पासून नव्या लिनक्समधलं सिस्टमडी कार्डाच्या बोर्डावरच्या जागेवरून नाव देऊ लागलं, तेव्हा हा घोळ बराच कमी झाला. पण पतसंस्थेतलं चालतं मशीन कोण अद्ययावत करतो!)

मुलीनं जुन्या नंबराची ओळ खोडली, नव्या ओळीत वनचं झीरो केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. नेट आलं. अण्णांनी परत पाठवायला काढलेलं खोकं मुकाट्यानं माळ्यावर टाकलं.

संध्याकाळी पतसंस्थेचे लेखनिक आले. "अरे वा! तो पुण्याहून येऊन गेला वाटतं?"

"नाही. हिनं केलं," अण्णा म्हणाले. "पुढचं हिलाच विचारा."

मुलीनं नवा मॅक नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. "काका, तुमच्या राउटरमध्ये जुन्या नंबरावर आयपी राखून ठेवला असेल, तर तिथंही हा घालून घ्या. नाहीतर तिकडं पुन्हा अडेल."

"अडलंच तर त्याला फोन करतो. नंबर आहे माझ्याकडं."

"तो खोडा," अण्णा म्हणाले, "आणि हिचा लिहून घ्या."