मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलमपुढे ‘सिरियल’ लिहिलं की क्रमांक आपोआप पडू लागतात. त्यामुळे तो डेटाचाच एक प्रकार आहे असा समज होतो. खरं तर असा प्रकारच नाही. त्या एका शब्दावर मुख्यतः तीन गोष्टी घडतात. क्रमांक देणारा एक स्वतंत्र सिक्वेन्स तयार होतो, पुढचा आकडा त्याच्याकडून घ्यावा असं कॉलमच्या डीफॉल्टमध्ये नोंदलं जातं, आणि सिक्वेन्सची मालकी त्या कॉलमच्या नावावर चढते. टेबल काढल्यावर सिक्वेन्सही जातो तो या मालकीमुळे. एकच टेबल असेपर्यंत हा गुंता कुणाला दिसतच नाही.

तो दिसतो टेबल नव्याने बांधताना. ‘लाइक’ वापरून जुन्याच्या साच्यावर डीफॉल्टसकट नवं टेबल करायचं, नोंदी हलवायच्या, नावं बदलायची आणि जुनं काढून टाकायचं, ही नेहमीची वाट. शेवटच्या पायरीवर डेटाबेस नकार देतो: दुसरं काहीतरी यावर अवलंबून आहे. नक्कल डीफॉल्टची झालेली असते, सिक्वेन्सची नाही. नवं टेबल जुन्याच सिक्वेन्सकडून आकडे घेत असतं. वहिवाट नव्याची, सातबाऱ्यावर नाव जुन्याचं.

हा नकार मला फार मोलाचा वाटतो. आपण न सांगितलेलं नातंही डेटाबेसने लिहून ठेवलेलं असतं आणि ऐन वेळी तो ते पुढे ठेवतो. काळजी वाटते ती त्याच संदेशाखालच्या सल्ल्याची: ‘कॅस्केड’ वापरा. घाईतला माणूस तेच करतो. मग जुनं टेबल जातं, सिक्वेन्स जातो आणि चालू टेबलाचा डीफॉल्टही जातो. नोंदी सुखरूप राहतात, पण पुढची नोंद येते तेव्हा क्रमांकाची जागा रिकामी असते आणि ती जागा रिकामी न चालण्याचं ‘नॉट नल’ बंधन ती नोंद नाकारतं. आधी ‘ओन्ड बाय’ने मालकी नव्या कॉलमकडे वळवली असती, तर जुनं टेबल बिनबोभाट गेलं असतं.

2017 मध्ये पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत ‘सिरियल’चंच काम करणारे आयडेंटिटी कॉलम आले. नव्या कामासाठी मी तेच निवडेन. तिथे सिक्वेन्स कॉलमशी घट्ट बांधलेला असतो, आणि ‘लाइक’ला आयडेंटिटी घ्यायला सांगितलं की नव्या टेबलाला स्वतःचा सिक्वेन्स मिळतो. मात्र तो मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. जुन्या नोंदी आत ओतल्यावर त्याला सर्वांत मोठ्या क्रमांकापुढे नेऊन ठेवणं आपल्याच हाती असतं.