सामाइक भिंत

(वाचावयाचा भाग : नहेम्या, अध्याय ३)



मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे आपल्या गांवांतून घरांच्या डागडुजीची लगबग सुरू होते. कोणी धाब्यावर पांढरी माती घालतो, कोणी कौलें चाळतो, कोणी भिंतीस गिलावा करितो. ज्याचें घर त्यानें राखावें, इतकीच गोष्ट असते तोंवर तंटा उद्भवत नाहीं. परंतु दोन घरांमध्यें भिंत एकच असली आणि ती खचूं लागली, म्हणजे खर्च कोणीं करावा हा प्रश्न उभा राहतो. एक म्हणतो, निम्मा तूं दे; दुसरा म्हणतो, मला गरज नाहीं. शब्दानें शब्द वाढतो, आणि पुष्कळदां भिंत उभीच असतां शेजारधर्म मात्र ढासळतो.

असली क्षुल्लक बाब उपासनेंत कशाला, असें कोणास वाटेल. तथापि पवित्र शास्त्रांत एक संपूर्ण अध्याय डागडुजीच्या कामाचाच आहे. ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमारास, अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षीं, नहेम्या यरुशलेमेस आला. कोट पडलेला, वेशी जळालेल्या. तरी ५२ दिवसांत कोट पुरा झाला. तिसऱ्या अध्यायांत कोणीं कोणता भाग बांधिला याची यादी आहे. कित्येकांनीं आपआपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. तें साहजिक होतें. परंतु तकोवकरांकडे पाहा. आमोस संदेष्ट्याचें हें गांव यरुशलेमेच्या दक्षिणेस सुमारें १६ किलोमीटर दूर. तेथले सामान्य लोक कामास आले. त्यांच्या सरदारांनीं मात्र खांदा दिला नाहीं, असें पांचवें वचन सांगतें. त्या सरदारांशीं कोणी भांडत बसल्याचें या अध्यायांत कोठें लिहिलेलें नाहीं. नकाराची नोंद एका वाक्यांत झाली, आणि लेखक पुढल्या माणसाकडे वळला. मग सत्ताविसाव्या वचनांत तेच तकोवकर पुन्हां भेटतात : त्यांनीं कोटाचा आणखी एक भाग दुरुस्त केला.

हा भाग मीं अनेकदां वाचिला होता. तरी त्याचा अर्थ मला एका भिंतीनें शिकविला.

सेवेच्या आरंभीं मी ज्या गांवीं राहत होतों, तेथें माझ्या व शेजाऱ्याच्या घरामध्यें मातीची एक सामाइक भिंत होती. शेजारी आपल्याच मंडळींतला. एका उन्हाळ्यांत तिच्या बुडाची माती गळूं लागली, पोपडे सुटले व मधोमध फुगवटा आला. गवंडी म्हणाला, बुडाकडील दोन हात भाग काढून दगडांत बांधावा लागेल. मीं त्याची मजुरी ठरविली, आणि मग शेजाऱ्याकडे जाऊन निम्मा खर्च मागितला. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्याच्यानं होणार नाही." मीं कारण विचारिलें नाहीं. त्या रविवारीं मीं शेजारप्रीतीवर उपदेश केला. नांव घेतलें नाहीं. घेण्याची गरजही नव्हती, सर्व माना त्याच्याकडे वळल्या. पुढचे दोन रविवार तो मंदिरांत आला नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत त्याची म्हातारी आई आली. दारांतच उभी राहून म्हणाली, "साहेब, वळवाचा पाऊस येईल तवा तुमची पन्हळ कुठं सांडती, ते आमच्या अंगाला येऊन बघा."

दोन दिवसांनीं पाऊस आला. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन मी पलीकडे गेलों. माझ्या धाब्याचें सारें पाणी त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यांत, अगदीं भिंतीच्या मुळाशीं पडत होतें. मग आठवलें : गेल्या पावसाळ्यांत त्यानें मला हें सांगितलें होतें, मीं 'पाहूं' म्हटलें आणि विसरून गेलों. तेथला खड्डा त्यानें दोनदां मुरूम घालून स्वतः बुजविला होता. ज्या नुकसानीचें मूळ माझ्या धाब्यावर होतें, तिचा निम्मा खर्च मी त्याच्याकडे मागत होतों, आणि तोही देवाच्या वचनाच्या आडून.

तशाच भिजल्या अंगानें मीं त्याच्या ओट्यावर जाऊन क्षमा मागितली. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, बियाण्यापुरतेच पैसे घरांत आहेत, ते मोडतां येत नाहींत. पण बैलगाडी आहे आणि दोन हात आहेत. मीं पन्हळ लांबवून गल्लीकडे वळविली. तो खर्च सर्वस्वीं माझा. दगड त्यानें ओढ्यावरून आणिले, गारा त्यानें व त्याच्या मुलानें तुडविला, गवंड्याची मजुरी मीं दिली. मृगापूर्वीं भिंत उभी झाली. पुढील रविवारीं त्याच जागीं उभा राहून मीं आपली चूक मंडळीपुढें सांगितली. कारण दोष चारचौघांत ठेविला होता, तो परत घेणेंही चारचौघांतच व्हावयास पाहिजे होतें.

प्रियहो, यावरून तीन गोष्टी मनांत धरा.

पहिली : पैसे मागण्यापूर्वीं भिंतीच्या दोन्ही बाजू पाहा. मातीची भिंत बहुधा पाण्यानें जाते. तें पाणी कोठून येतें हें आधीं शोधा. नवें घर बांधणाऱ्यानें धाब्याला कठडा करावा, म्हणजे तेथून पडून कोणाचा जीव जाणार नाहीं, असें मोशेचें नियमशास्त्र सांगतें (अनुवाद २२:८). माझ्या धाब्यापासून दुसऱ्यास अपाय होऊं नये, हें पाहणें माझें काम आहे. त्या खर्चाचा हिस्सा शेजाऱ्याकडे लावतां येत नाहीं.

दुसरी : काम ठरविण्यापूर्वीं विचारा. गवंड्याला दोघांनीं मिळून भिंत दाखवा, आणि खर्च दोघांसमोर लिहा. जो नाहीं म्हणतो त्याला देतां येत नाहीं, कीं द्यावयाचें नाहीं, हें एकांतांत विचारून घ्या (मत्तय १८:१५). नहेम्याच्या पांचव्या अध्यायांत शेतें गहाण टाकणाऱ्या गरिबांची ओरड आहे. कोटाचें काम चालू असतांही त्यानें ती ऐकिली. ज्याच्याजवळ रोकड नाहीं त्याचे श्रम घ्या, गाडी घ्या, किंवा सुगीपर्यंत थांबा.

तिसरी : ज्याला खरोखरच द्यावयाचें नाहीं, त्याच्या हट्टापायीं भिंत पडूं देऊं नका. भिंतीलगत निजणारीं मुलें दोन्ही घरांत आहेत. ऐपत असेल तर त्याच्या हिश्शाचें कामही करा, आणि पाणवठ्यावर त्याची वाच्यता करूं नका. आपल्याकडून होईल तितकें सर्वांशीं सलोख्यानें राहावें, असें पौल शिकवितो (रोम. १२:१८), शेजाऱ्याच्या मनाचा जिम्मा तो आपल्यावर टाकीत नाहीं. आणि जो हात आखडतो त्यालाही सांगणें आहे. जवळ असतां शेजाऱ्याला उद्यांचा वायदा करूं नये, असें नीतिसूत्रांत आहे (३:२८). तकोवाच्या त्या सरदारांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. त्यांचा नकार मात्र अजून वाचला जातो.

गांवोगांवच्या उपदेशक बंधूंनो, असले तंटे तुमच्याकडे येतात. एकाच्या ओट्यावर बसून निवाडा करूं नका. उठा, पलीकडच्या अंगणांत जा, आणि तेथूनही ती भिंत पाहा.

पाऊस येण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली पन्हळ कोठें सांडते तें पाहावें, आणि शेजाऱ्याच्या घरीं एक फेरी घालावी. ज्या प्रभूनें आपलें न फिटणारें ऋण स्वतः सोसलें, तो आपणांस एकमेकांचा भार वाहण्याचें बळ देवो. आमेन.