काळे आकाश

दुसऱ्याच्या कलेपासून शिकायचे म्हणजे नेमके काय उचलायचे? त्याची रीत, की त्याची दृष्टी? प्रश्न जुनाच आहे. परंतु आण्याच्या पठारावर कॅमेरा घेऊन उभे राहिले, की तो मला नव्याने पडतो.

कृष्णधवल निसर्गचित्रणात अमेरिकेचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा गुरूच्या ठिकाणी. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीच्या खोऱ्यात 'हाफ डोम' कड्यासमोर त्याने पिवळा फिल्टर लावून एक चित्र घेतले. मनात उमटलेली भव्यता त्यात उतरणार नाही, असे त्याला वाटले. म्हणून उरलेल्या एका प्लेटसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे छापात आकाश जवळजवळ काळे झाले आणि फिकट ग्रॅनाइटचा कडा त्यातून उजळून वर आला. कळ दाबण्यापूर्वी चित्र मनात पाहावे, हा त्याचा धडा.

तोच फिल्टर जुन्नर तालुक्याच्या या पूर्व टोकाला आणला, तर मोठी मौज होते. आपला कातळ काळ्या बेसाल्टचा. आणे घाटात गुळुंचवाडीजवळ ओढ्याने खडक पोखरून नैसर्गिक पूल तयार झाला आहे. त्याच्यामागचे आकाश काळे केले, तर काळ्यात काळे मिसळून पूलच हरवायचा! उलट, दिवाळीनंतर पिवळे पडलेले गवत मात्र पांढरेशुभ्र चमकेल.

पण हे झाले तंत्राचे. हे पठार अवर्षणाचे. येथला शेतकरी आकाशाकडे पाहतो तो पाण्यासाठी. त्याचे रिते, निळे आकाश मी चित्रात काळेभोर केले, तर पाहणाऱ्याला पाऊस दाटून आल्यासारखे वाटेल. योसेमिटीत जे मनाचे सत्य ठरले, तेच येथे असत्य होईल. कलेला एवढी मुभा असावी, असे कोणी म्हणेल. असावीच, परंतु ज्याच्या तहानेवर ती मुभा घ्यायची, त्याची आठवण ठेवून.

मग गुरूकडून घ्यावे काय? मला वाटते, त्याचे उत्तर त्याच्या कड्यापाशीच राहू द्यावे आणि त्याचा प्रश्न तेवढा घ्यावा. या भूमीपुढे मला काय वाटते, आणि ते कसे उतरेल? आण्यापुरते माझे उत्तर साधे आहे: आकाश फिकट, उघडे, ढगाविना, आणि त्याखाली माणसाने तरीही नांगरलेले शेत. अशा वेळी लाल फिल्टर खिशातच राहतो. पण तो खिशात ठेवायला शिकवले, तेही अ‍ॅडम्सनेच.